उजवा गाल

माझे दोन गाल दोन वयांचे आहेत
हे घरच्या आरशानं कधी सांगितलं नाही.
सांगितलं आधारकार्डाच्या फोटोवाल्यानं:
"ताई, जरा डावीकडून घेऊ का?"

तेवीस वर्षं व्हॅन चालवली.
राजेंद्रनगरहून सव्वासातला निघायचं,
ए.बी. रोडनं वर वर, विजयनगरच्याही पुढं, शाळेपर्यंत.
जाताना तोंड उत्तरेला, ऊन उजवीकडून.
दुपारी परत. तोंड दक्षिणेला,
ऊन तोवर पश्चिमेचं झालेलं,
आणि पश्चिम पुन्हा उजवीकडेच.
हा हिशेब मी कधी मांडला नव्हता.
डॉक्टर ऋचा मंडलोईनं मांडला, चिठ्ठीच्या मागं, बाण काढून.
सूर्य दोन काढले,
मधे एक चौकोन. तो चौकोन मी.

म्हटलं, काच तर बंदच असायची.
धूळ येते, पोरं हात बाहेर काढतात.
ती म्हणाली, जे भाजतं ते बरंचसं काचेबाहेर थांबतं.
जे भाजत नाही ते आत येतं, खोल जातं,
आणि आल्याचं कळवत नाही.
अशी माणसंही पाहिलीत मी.
पण ते बोलले नाही.

मग ट्यूब लिहून दिली.
करंगळीएवढी, ॲल्युमिनियमची.
जीवनसत्त्व अ असतं ना, त्याचंच एक रूप, म्हणाली.
म्हणजे गाजरातलं?
गाजराच्या नात्यातलं, पण तापट.
रात्रीच लावायचं. तोंड धुऊन, पुरतं कोरडं होऊ देऊन,
मटारचा एक दाणा,
अख्ख्या चेहऱ्याला मिळून एकच दाणा.
सुरुवातीला दर तिसऱ्या रात्री.
उजेडात ते स्वतःच मोडून जातं.

उन्हावरचं औषध, आणि उन्हालाच भिणारं!
मी हसले. ती लिहीत होती.

आमच्या शाळेत पाठ करून घ्यायचे:
अ कमी पडलं की रातांधळेपणा.
आता मी रोज रात्री, दिवा मालवायच्या आधी,
चाचपडत त्याच अक्षराशी येते.

दुसऱ्या आठवड्यात सालं निघायला लागली,
लसणीची निघतात तशी, पातळ, हनुवटीवर, नाकाच्या कडेला.
डावा गाल चिडून लाल.
त्याचा काय गुन्हा होता?
फोन केला.
"आधी बिघडेल, मग सुधरेल. सांगितलं होतं ना, आंटी."

आंटी.

तेव्हा कुठं ट्यूब पेटली माझी.
ऋचा. दुसरी ब. पुढची सीट, डावीकडची,
कारण मागं बसवलं की नवलख्याच्या आधीच ओकायची.
मांडीवर प्लास्टिकची पिशवी, गालात आवळा सुपारी,
आणि डोळे घट्ट मिटलेले.
काउंटरवर माझी फी घेतली नव्हती.
मला वाटलं, शिबिर असेल काहीतरी.

पाच वर्षं बसली ती तिथं.
ऊन तिच्यापर्यंत पोचायचं ते
माझ्यावरून येऊन, उरलंसुरलं.
हे तिनं चिठ्ठीवर काढलं नाही.
चौकोनात माझ्या शेजारी जागा मात्र रिकामी ठेवली होती.
मी घरी येऊन पुन्हा पाहिली ती चिठ्ठी.

सगळं परत येत नाही, असं स्पष्ट बोलली.
थोडं येतं. सहा महिन्यांनी, वर्षानं,
आणि दिवसा झाकलंस तरच.
म्हणून आता सकाळी दोन बोटं सनस्क्रीन,
उजव्या हाताला मनगटापर्यंत बाही,
आणि नाकावर एक पांढरा पट्टा, कितीही चोळला तरी उरणारा.

परवा त्याच डावीकडच्या सीटवरून मुर्तझा म्हणाला,
"आंटी, आपके मुँह पे चूना लगा है."
लगा है बेटा, म्हटलं.
तेवीस वर्षं दुसराच कुणी लावत होता,
आता मी स्वतः लावते.

त्याला काही कळलं नाही.
तो त्याच्या बाजूचा पडदा ओढायला लागला.
राहू दे, म्हटलं, तुझ्याकडे ऊन येत नाही.
तू बेल्ट लाव.